लॅम्बर्टची बिडाची हेडं

स्कायलर, नेब्रास्का
११ जानेवारी १९९८

एमिलकाका,

मी कॉरीन, तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. ओळख द्यावी लागतेय, कारण तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी अठरा वर्षांची होते. आईच्या दफनालाही तुम्ही आला नव्हतात.

कामाचं लिहिते. बाबांची रेसची गाडी सतरा वर्षं आमच्या कोठारात ताडपत्रीखाली पडून होती. मी ती पुन्हा उभी करतेय. सोळा मेला आमच्या मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची शर्यत आहे आणि ती गाडी मी चालवणार आहे. अपघातात फुटलेल्या ब्लॉकच्या जागी तसाच दुसरा मिळाला. राहिली दोन सिलिंडर हेडं, म्हणजे ब्लॉकवर बसणारी इंजिनाची बिडाची डोकी. ती तुमच्याकडे आहेत. ८१ च्या ऑगस्टमध्ये बाबा दवाखान्यात होते, तेव्हा 'काय बिघडलं ते बघतो' म्हणून तुम्ही ती इंजिनवरून उतरवून पिकअपमध्ये घालून नेलीत. सतरा वर्षांत बघून झालं असेल.

त्या हेडांमधल्या हवेच्या वाटा बाबांनी एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हातानं घासल्या होत्या. आईला पिठात बिडाचा भुगा सापडायचा. तसली हेडं दुकानात मिळत नाहीत, म्हणून मला तीच हवीत. ती झिजली असतील तर दुरुस्त करून घेईन. तुमच्याकडून नाही.

तुम्ही आमच्या घरून आलेला फोन उचलत नाही, म्हणून पत्र. कुठल्या शनिवारी येऊ तेवढं कळवा.

कॉरीन ड्रोब्नी

•

विल्बर
२० जानेवारी

कॉरीन,

पत्र मिळालं. अक्षर आईचं आहे, तोंड बापाचं.

हेडं मिळणार नाहीत. ती कामातून गेली आहेत. सोबत कॅटलॉग पाठवतोय, चौदाव्या पानावर पेन्सिलनं खूण केली आहे. अ‍ॅल्युमिनियमची आहेत, नवीकोरी, तुझ्या ब्लॉकवर नीट बसतील. ती घे.

कुठल्याच शनिवारी येऊ नकोस.

एमिल ड्रोब्नी

•

स्कायलर
२७ जानेवारी

एमिलकाका,

कॅटलॉग चुलीत घातला. छान जळला, गुळगुळीत कागद होता.

लहानपणी मी तुमच्या वर्कशॉपवरची पाटी वाचत वाचत अक्षरं शिकले. 'फेकू नका, घेऊन या.' सलाइन काउंटीतल्या निम्म्या ट्रॅक्टरांची हेडं तुम्ही दोनदोनदा जिवंत केलीत. नवं घ्यायला निघालेल्या माणसाला तुम्ही दारातच सुनवायचात, "त्या नव्या मालाच्या डब्यात हात घालून बघ, नुसता पत्रा आहे." आणि आता सख्ख्या भावाच्या हेडांची वेळ आली तर म्हणे पान चौदा.

कामातून गेली आहेत तर ठेवलीत कशाला? विल्बरला भंगारवाला येत नाही का? की अंगावर त्या सालचा नंबर ओतलेल्या हेडांना हौशी लोक हल्ली वाट्टेल ती किंमत देतात, हे तुमच्याही कानावर आलंय? तसं असेल तर स्पष्ट सांगा. निदान चोर म्हणताना मला संकोच वाटणार नाही.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते कोठारात पाय ठेवत नाहीत. काठी टेकत दारापर्यंत येतात, "झालं का जेवण?" विचारतात आणि परत फिरतात.

कॉरीन

•

विल्बर
९ फेब्रुवारी

कॉरीन,

तू धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसतेस असं तुझ्या अ‍ॅग्नेसकाकूनं सांगितलं. तर काट्यावर बसणाऱ्या बाईला समजेल असं लिहितो.

जुनं हेड सुधारायचं म्हणजे काय? आधी उकळत्या पाण्यात धुऊन काढायचं. मग तडा शोधायचा. तुझ्या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, एकमेकांना खेटून असतात, तिथं बीड तापून तापून थकतं आणि नेमकं तिथंच तडकतं. तडा नसला तर नशीब. मग व्हॉल्व्हची गाइडं नवी, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट काढून कडक पोलादाच्या, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये शिसं नसतं आणि जुन्या सीट वर्षभरात खचतात. मग खालचा तळ घासून सपाट. एवढं करून तुझ्या हातात काय येतं? तीस वर्षांपूर्वीचं हेड. पान चौदावरचं हेड वजनाला निम्मं आहे, त्याच्या वाटा जन्मतःच तुझ्या बापानं घासलेल्यांहून मोठ्या आहेत, आणि वर खर्च कमी. पाटी मी ६२ साली रंगवली. तेव्हा हे खरं नव्हतं, आता आहे. चार वर्षं झाली, येणाऱ्या गिऱ्हाइकाला मीच सांगतो, नवं घे. दुकान त्यामुळंच रिकामं आहे. हा माझा लोभ.

आता दुसरं. तुला ऐकायचंच असेल तर ऐक. ती हेडं तुझ्या बापानं घालवली. त्या शनिवारी पाणी उकळेपर्यंत त्यानं इंजिन रेटलं, तापमानाच्या काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. बीड तापून वाकलं, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट फुटलं, पाणी सिलिंडरात शिरलं. पाणी दबत नाही, त्यामुळं पिस्टनची दांडी मोडून ब्लॉकच्या बाहेर आली, तेल चाकाखाली सांडलं आणि गाडी भिंतीवर गेली. वाकलेलं हेड घासून सरळ करता येतं, पण इतकं वाकलेलं नाही. दवाखान्यात मी त्याला हे तोंडावर सांगितलं. त्यानं मान्य केलं. म्हणून तो कोठारात येत नाही. तू ती जखम पुन्हा उकरू नकोस.

शर्यतीत बसायची हौस आहे तर शाबूत डोक्याच्या इंजिनावर बस. स्वतःच्या डोक्याचं तुझं तू बघ.

एमिल

•

स्कायलर
२ मार्च

एमिलकाका,

काल रविवारी तुम्ही चेक मंडळींच्या सोकोल हॉलमध्ये डुकराचं मांस आणि डम्पलिंग खात होतात, तेव्हा मी तुमच्या घरी होते. हेडं आता माझ्याकडे आहेत.

वर्कशॉपचं दार मी फोडलेलं नाही. अ‍ॅग्नेसकाकूनं किल्ली आणून दिली. मी भांडायची तयारी करून आले होते, सगळी वाक्यं गाडीत पाठ केली होती. ती दारात उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इतका उशीर का केलास?"

हेडं मागच्या फळीवर होती, गोणपाटात गुंडाळलेली, वर तेलाचा हात दिलेला. गंजाचा ठिपका नाही. मी म्हटलं, "भंगाराची एवढी बडदास्त?" काकू म्हणाली, "दर वर्षी ऑगस्टात उतरवतो, पुसतो, परत ठेवतो. मी एकदा विचारलं, तर दोन दिवस जेवला नाही. मला विचारू नकोस. ती घेऊन जा आणि ज्याला कळतं त्याला दाखव."

एक हेड तिनं आणि एक मी, अशी उचलून आम्ही ती पिकअपमध्ये ठेवली. पंचविसेक किलोचं ओझं सदुसष्ट वर्षांची बाई उचलते, आणि तुमच्यानं सतरा वर्षांत ते स्कायलरपर्यंत आणवलं नाही. निघताना तिनं जर्दाळूचे कोलाच, गोड पाव, बांधून दिले. बाबांनी तीन खाल्ले, कुठले ते विचारलं नाही. चवीवरून ओळखले असणार.

काट्याबद्दल. अपघातानंतर बाबांच्या शेजारी बसून तुम्ही कधी गाडीतून गेला नाहीत, म्हणून सांगते. ते स्वतः चालवत नाहीत. पण दुसऱ्याच्या गाडीतसुद्धा त्यांची नजर तापमानाच्या काट्यावरून हलत नाही. बाहेर मका आहे की बर्फ, त्यांना ठाऊक नसतं. आई चर्चला न्यायची तेव्हा म्हणायची, "लॅम, आपण पाच मैल जातोय." तरी ते बघतच राहायचे. हे तुमच्यामुळं आहे हे मला तुमचं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

हेडं मी कोलंबस गावी ड्वेन सोरेन्सनच्या वर्कशॉपमध्ये टाकतेय. त्याच्याकडे नवी यंत्रं आहेत.

कॉरीन

•

विल्बर
६ मार्च

कॉरीन,

सोरेन्सनला हात लावू देऊ नकोस. हेडं जशी आहेत तशी परत आण. आठवड्याच्या आत आणलीस तर झालं गेलं मी विसरेन. नाही तर शेरीफला सांगेन की माझ्या दुकानातून माल गेला. हे लिहिताना मी रागात नाही.

सोरेन्सन म्हणजे शिकाऊ माणूस. यंत्र बटण दाबून चालतं, बीड हातानं कळावं लागतं. तो तुला वाट्टेल ते सांगेल आणि तू ऐकशील, कारण तुला तेच ऐकायचं आहे.

अ‍ॅग्नेसशी मी बोलत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. हे तुझ्या एका रविवारचं काम.

एमिल

•

स्कायलर
२४ मार्च

एमिलकाका,

शेरीफ आला नाही. मला वाटलंच होतं.

सोरेन्सननं काय केलं ते सांगते. मी दोन तास त्याच्या शेजारी उभी होते, त्यामुळं ऐकीव नाही. त्यानं आधी एक सरळ पोलादी पट्टी हेडाच्या तळावर आडवी ठेवली, मग तिरपी, मग उलट तिरपी. पट्टी आणि हेड यांच्यामधून कागदाहून पातळ पत्री सरकवायचा प्रयत्न केला. गेली नाही. दुसऱ्या हेडावर तेच. मी म्हटलं, "ही वाकलेली आहेत. नीट बघ." तो म्हणाला, "बाई, ही माझ्या टेबलापेक्षा सपाट आहेत. ही हेडं इंजिनावर कधी जास्त तापलेलीच नाहीत."

मी त्याला पुन्हा मोजायला लावलं. त्यानं मोजलं.

मग त्यानं लोहचुंबक लावून वर लोखंडाची बारीक पूड उडवली. डावं हेड स्वच्छ. उजव्या हेडावर, मधल्या दोन एक्झॉस्ट सीटच्या मध्ये, पूड एका रेषेत उभी राहिली. केसासारखी रेषा, अंगठ्याएवढी लांब, थेट पाण्याच्या वाटेत उतरलेली. सोरेन्सननं भिंग दिलं. रेषेच्या दोन्ही बाजूंना बिडाचा रंग वेगळा आहे. तिथं कुणीतरी आधी वेल्डिंग केलंय, आणि छान केलंय असं तोच म्हणाला. "हात कसलेला आहे. पण हे लवकर थंड केलंय. बीड आखडलं आणि वेल्डिंगच्या कडेनं परत तडकलं. नुसतं दाबानं पाणी भरून बघितलं असतं तरी दिसलं असतं."

नेब्रास्कात ८१ साली बिडाचं वेल्डिंग करणारे किती कसलेले हात होते, काका?

मी घरी आले. बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांना सांगणार होते, पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे सांगायचं काम माझं नाही. सतरा वर्षं या माणसानं स्वतःचा अधू पाय, स्वतःची गाडी, आईचा राग, सगळं आपल्याच चुकीच्या खात्यावर मांडलं. ते खातं ज्यानं उघडलं त्यानं मिटवावं. तुम्ही त्यांना लिहा. मला नाही, त्यांना.

ईस्टर बारा एप्रिलला आहे. तोपर्यंत थांबते. मग मी सांगेन, आणि मी सांगितलं तर पुडीसकट आणि भिंगासकट सांगेन.

हो, आणि तुम्ही एका बाबतीत खरं बोललात. सोरेन्सनही म्हणतो, यांवर पैसे घालू नकोस, नवी घे. चौदावं पान जाळलं होतं, त्याच्याकडून दुसरा कॅटलॉग आणला.

कॉरीन

•

स्कायलर
६ एप्रिल

एमिलकाका,

सहा दिवस.

कॉरीन

•

विल्बर
१३ एप्रिल १९९८

लॅम,

ईस्टर काल झाला. कॉरीननं कालपर्यंतची मुदत दिली होती. काल लिहायला बसलो होतो, जमलं नाही. तिनं अजून सांगितलं नसेल तर माझ्याकडून ऐक, सांगितलं असेल तर तेही माझ्याकडून ऐक.

तू काही तापवलं नव्हतंस. हेड वाकलं नव्हतं. उजव्या हेडाला तडा होता, तो मी बुजवला, आणि तो माझ्या हातून फुटला.

तू गुरुवारी हेड आणलंस. मी भट्टीत लाल तापवून वेल्डिंग केलं. तुला आठवतं, तू दारात उभा होतास आणि म्हणालास, "असं काम सोन्याचं करतात." मी खूष झालो. त्यानंतर ते पूर्ण एक दिवस आणि एक रात्र राखेत पुरून ठेवायचं असतं. मी शुक्रवारी सकाळीच काढलं, हाताला चटका बसत होता. त्या विनेकचा ट्रॅक्टर दुरुस्तीला दारात होता, मला भट्टी हवी होती. दाबाच्या चाचणीचं पाणी भरलं नाही. तू शुक्रवारी दुपारी आलास आणि विचारलंस, "चाचणी केलीस?" मी म्हणालो, "केली."

शनिवारी पहिल्या टप्प्यानंतर लाल झेंडा पडला आणि सगळ्या गाड्या दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मी कुंपणाशी होतो. तू पुन्हा स्टार्ट केलंस तेव्हा इंजिन एकदा अडखळलं. मला तो आवाज कळला. उभं असताना तड्यातून पाणी सिलिंडरात उतरलं होतं. मी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, नसेल. दोन फेऱ्यांनी दांडी मोडली.

रविवारी सकाळी दवाखान्यात येताना मी रस्ताभर ठरवत होतो की सांगायचं. तू डोळे उघडलेस आणि पहिला प्रश्न विचारलास, "काय झालं, एमिल?" माझ्या तोंडून निघालं की तू काटा पाहिला नाहीस. का निघालं ते मला अजून कळलेलं नाही. सोमवारी दुकानात सहा गिऱ्हाइकांची हेडं होती, कळलं असतं तर ती परत गेली असती, ते खरं. पण गिऱ्हाइकांसाठी माणूस एवढं करत नाही. मला वाटतं, सोन्याचं काम म्हणालास ते मला परत द्यायचं नव्हतं.

मग तू मान्य केलंस. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडला असतास तर मी एका दिवसात कबूल झालो असतो. हे तुझ्यावर ढकलत नाही, जे झालं ते लिहितोय.

हेडं कुणी कापून बघू नये म्हणून मी नेली. भंगारात टाकायचं धाडस झालं नाही, त्यात तुझ्या वाटा होत्या. हेलनच्या दफनाला आलो नाही, कारण तुझी बायको शेवटपर्यंत तुला दोष देत गेली आणि मी तिच्या शवपेटीशी उभा राहू शकलो नसतो.

क्षमा कर असं लिहीत नाही. तू काय करायचं ते तू बघ.

एमिल

•

स्कायलर
२६ एप्रिल

एमिल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कॉरीननं काही सांगितलं नव्हतं. पाकीट माझ्या हातात दिलं आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. आम्ही कोंबड्या पाळत नाही.

मी काटा पाहिला होता. प्रत्येक फेरीत पाहत होतो. लाल झेंडा पडला तेव्हा पाहिला, नेहमीच्या एकशे ऐंशीवर होता. पुन्हा निघताना पाहिला, तिथंच होता. दवाखान्यात तू म्हणालास, पाहिला नाहीस. मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, औषधं चालू आहेत, एमिलला तीस वर्षांची समज आहे, त्यानं हेड हातात घेऊन बघितलंय, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळणार. मग हळूहळू मला खरंच आठवेनासं झालं. पाहिलेला काटा पुसून गेला. त्याच्या जागी न पाहिलेला आला. तेव्हापासून मी कुठल्याही बाबतीत माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. पोरीला गाडी शिकवली नाही. हेलन म्हणायची, "तू कुलूप लावलंस ना?" आणि मी चारदा उठून बघायचो.

पायाचं मला काही वाटत नाही. त्या ट्रॅकवर दर उन्हाळ्यात दोन पाय मोडायचे, माझा एक त्यातला. वेल्डिंग तडकलं त्याचंही नाही. बीड तडकतं. तू शुक्रवारी सरळ सांगितलं असतंस, 'लॅम, वेळ नव्हता, चाचणी राहिली,' तरी मी शनिवारी गाडी काढलीच असती. तू मला ओळखत होतास. मी हसून घेऊन गेलो असतो, आणि पाय मोडला असता तर आपण दोघांनी तुझ्या नावानं शिव्या देत बिअर प्यायली असती. तुला खोटं बोलायची गरजच नव्हती, एमिल. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, आणि तो कमी होईल असं काही दिसत नाही. मी चौसष्ट, तू एकोणसत्तर. फार वेळही नाही.

हेलनला आता कोण सांगणार?

कॉरीननं नवी हेडं आणली. हलकी आहेत, एका हातानं उचलता येतात. मी गेल्या मंगळवारी कोठारात गेलो. वाटा आतून बोटानं चाचपल्या. ठीकठाक आहेत, पण ठीकठाकच. आत व्हॉल्व्हच्या मागं ओतकामाची कड तशीच सोडलीय, कारखान्यात कुणाला घाई असणार. मी कानस मागितली. कॉरीन म्हणाली, "बाबा, नव्या मालाला कशाला हात लावता?" मी म्हटलं, "नवं असलं म्हणून झालं असं नाही." आठापैकी पाच वाटा झाल्यात. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, लोण्यासारखं निघतं. हात जपून चालवावा लागतो.

तुझी हेडं इथं ठेवलेली नाहीत. सोरेन्सनला सांगितलंय, वितळव.

शर्यत सोळा मेला आहे, दुपारी दोन वाजता. मी पश्चिमेच्या कुंपणाशी असेन. अ‍ॅग्नेसला घेऊन ये, ती माझ्या शेजारी बसेल, तिच्यासाठी खुर्ची आणतो. तू पूर्वेच्या कुंपणाशी उभा राहा. ट्रॅक ओलांडून येऊ नकोस.

लॅम्बर्ट